भरती दुपारी ३:५० ला

मंगळवार, २६ जुलै २००५. सकाळी ८:३०

हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजून नोंदवला जातो, पर्जन्यमापक रिकामा केला जातो आणि पुढच्या चोवीस तासांसाठी पुन्हा मांडला जातो. त्या मंगळवारी सांताक्रूझच्या वेधशाळेत हेच झालं. त्या काळी मुंबईत हवामान खात्याचे पाऊस मोजायची मुख्य ठिकाणं दोनच होती, एक दक्षिण टोकाला कुलाब्यात आणि दुसरं उपनगरात सांताक्रूझला. दोन्हींमध्ये साधारण वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर.

साडेआठ ही लोकलच्या ऐन गर्दीची वेळ. बोरिवली-अंधेरीहून चर्चगेटकडे आणि मुलुंड-घाटकोपरहून व्हीटीकडे माणसं लोटत होती. (सीएसटी हे नाव येऊन नऊ वर्षं झाली होती, तरी तोंडात व्हीटीच होतं.) शाळा सुरू होत्या. पाऊस येऊन-जाऊन होता. जुलैतला मंगळवार जसा असतो तसा. भरतीच्या तक्त्यात त्या दिवसाची दुपारची मोठी भरती ३:५० वाजता लिहिलेली होती, उंची ४.४८ मीटर. भरतीचे तक्ते महिनोन्‌महिने आधी छापून तयार असतात. म्हणजे समुद्र कधी, किती चढणार हे माहीत होतं. सात तास वीस मिनिटं हातात होती.

सकाळी ११

पुढचं सगळं कळायचं असेल तर आधी जमीन समजून घ्यायला हवी, म्हणून इथे थोडं थांबतो.

मुंबईची उपनगरं म्हणजे साष्टी बेट. बेटाच्या मधोमध डोंगर आहे, तिथे आज राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याच्या कुशीत तुळशी आणि विहार हे तलाव. विहार १८६० साली बांधून झाला, तेव्हा खाली शेतं होती आणि मिठागरं होती. डोंगरावर पडलेलं पाणी चहूकडे उतरतं. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या पश्चिमेला जातात. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरचे ओढे पूर्वेला ठाण्याच्या खाडीकडे वळतात. विहार आणि पवईचं ओसंडून वाहिलेलं पाणी मिठी नदी होऊन आरे, साकीनाका, कुर्ला, कलिना असं करत माहीमच्या खाडीला मिळतं. जेमतेम अठरा किलोमीटरची नदी.

आता या नकाशावर रेल्वेचे रूळ आणि रस्ते मांडा. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, दोन्ही द्रुतगती महामार्ग, एस. व्ही. रोड, एल. बी. एस. मार्ग हे सगळे उत्तर-दक्षिण धावतात, कारण माणसांना दक्षिणेत नोकरीला जायचं असतं. पाण्याला मात्र पूर्व-पश्चिम जायचं असतं. म्हणजे डोंगरातून निघालेल्या प्रत्येक थेंबाला समुद्र गाठण्याआधी भरावावर बांधलेले दोन-तीन बांध ओलांडावे लागतात, आणि ओलांडायची वाट कोणती, तर त्या भरावाखालच्या मोऱ्या. बऱ्याच जुन्या काळच्या, गाळाने अर्ध्या भरलेल्या.

मिठीचं तर आणखी वाईट झालं होतं. विमानतळाची धावपट्टी नदीवरून पुढे गेलेली, त्यासाठी पात्र काटकोनात वळवलेलं. खाली वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीत भराव. काठाने गोदामं, भंगाराची दुकानं, तेलाचे पिंप, आणि ज्यांना दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नाही त्यांची घरं. सरकारी भाषेत तिला नाला म्हणायची सवय लागली होती. नदी म्हटलं असतं तर तिला पूर येतो हेही मान्य करावं लागलं असतं.

पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं तर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पेलतील अशा हिशेबाने बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. ही क्षमता दुप्पट करावी असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल १९९३ साली महापालिकेच्या हातात आला होता. बारा वर्षं तो बहुतांशी कागदावरच राहिला. मी त्या मंगळवारचा घटनाक्रम लिहायला बसतो तेव्हा मला पहिली नोंद १९९३ ची करावीशी वाटते.

दुपारी २

भरतीला दोन तास राहिले. उत्तरेकडे आकाश काळं झालं. अंधेरी, पवई, कुर्ला, घाटकोपरच्या पट्ट्यात पाऊस सुरू झाला, आणि अडीचनंतर जे कोसळलं त्याला पाऊस म्हणावं की नाही असं त्यात सापडलेली माणसं आजही म्हणतात. सरी नव्हत्याच. समोरची इमारत दिसत नव्हती. दिवसाढवळ्या गाड्यांचे दिवे लागले.

दुपारी अडीच ते संध्याकाळी साडेसहा या चार तासांत सांताक्रूझला ४८१.२ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातल्या एकाच तासात १९०.३. गटारं २५ ची, तीही ओहोटीला.

हे आकडे डोळ्यांपुढे यावेत म्हणून साधा गुणाकार करून पाहा. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. त्या एका तासात प्रत्येक चौरस किलोमीटरवर एकोणीस कोटी लिटर ओतलं गेलं. डोंगरावर तर पाऊस आणखी जास्त होता. विहार तलावापाशी चोवीस तासांत हजार मिलिमीटरच्या वर नोंद झाली. ते सगळं उतरून मिठीतच येणार होतं.

त्याच वेळी कुलाब्यात, फोर्टात, नरिमन पॉइंटला पावसाळी दुपार होती. छत्री घेऊन चहाला जाता येईल एवढी. मंत्रालय तिथे. महापालिकेचं मुख्यालय तिथे. पोलीस आयुक्तालय, दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं, बँका, शेअर बाजार सगळं तिथे. ज्यांनी निर्णय घ्यायचे त्या सगळ्यांच्या खिडकीबाहेर साधा पाऊस होता. त्या दिवशी एवढी माणसं का गेली याची अनेक कारणं पुढे चौकशीत निघाली, पण मला हे कारण सगळ्यांत मोठं वाटतं. पाणी डोंगरावरून खाडीपर्यंत तासाभरात पोचलं. बातमी सांताक्रूझहून फोर्टला तेवढ्या वेळात पोचली नाही. ढगांच्या आतलं दाखवणारं डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हतं. पंधरा-पंधरा मिनिटांनी आकडे पाठवणारी यंत्रंही नव्हती.

दुपारी ३:५०

भरती पूर्ण चढली. ४.४८ मीटर.

अशा वेळी उपनगरातल्या सखल भागाची पातळी समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली जाते. नाले समुद्राला मिळतात त्या मुखांना, मोजके अपवाद सोडले तर, समुद्र अडवणारी दारं नव्हती. वरून डोंगराचं पाणी आणि खालून खाडीचं. मिठी जिथून पुढे जायची तिथून मागे फिरली. कुर्ल्याला क्रांतीनगर, बैलबाजार, कलिन्याला एअर इंडिया कॉलनी आणि तिच्या भोवतालच्या वस्त्या बुडू लागल्या. तळमजल्यावरच्या माणसांना कागदपत्रं काढायलाही वेळ मिळाला नाही. पाणी रस्त्यावरून आत येण्याआधी मोरीतून आणि संडासातून वर आलं.

अंधेरीचा सबवे आणि सांताक्रूझचा मिलन सबवे यांचे हौद झाले. विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली. विमानतळ मग तीस तासांहून जास्त वेळ बंद राहिला आणि सातशेच्या वर उड्डाणं रद्द झाली. रूळ दिसेनासे झाले. कुर्ला-शीव दरम्यान गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. दहिसर नदी बोरिवली-दहिसरच्या वस्त्यांत शिरली, पोईसर कांदिवलीत. मुलुंड-भांडुपला डोंगराचे ओढे एल. बी. एस. मार्गावरून वाहायला लागले.

दुपारी ४:३०

इथे या घटनाक्रमातला सगळ्यांत जीवघेणा तास सुरू होतो, आणि तो पाण्यामुळे नाही.

दक्षिणेतल्या कचेऱ्यांत कुजबुज सुरू झाली की गाड्या बंद पडतायत. मुंबईकराला गाडी बंद पडणार म्हटल्यावर एकच गोष्ट कळते, आत्ताच्या आत्ता निघायचं. साहेबांनीही सोडलं. त्यात चांगुलपणा होता, लांब राहणाऱ्या बायकांना आधी सोडलं. घरी मुलं शाळेतून आली असतील की नाही याची काळजी होती. फोन लागत नव्हते, मोबाइल तर जवळजवळ बंदच पडले. मग लाखो माणसं कुलाबा-फोर्टच्या साध्या पावसातून निघाली आणि बुडणाऱ्या उपनगराकडे चालू लागली. चर्चगेट आणि व्हीटी मिळून सुमारे दीड लाख माणसं स्टेशनांतच अडकली. ती त्यातल्या त्यात सुरक्षित राहिली. बस, टॅक्सी, कंपनीची गाडी मिळाली म्हणून ज्यांनी देवाचे आभार मानले, ती पुढे शीव, कुर्ला, कलिना, सांताक्रूझला पाण्यात सापडली.

'जिथे आहात तिथेच थांबा' हे एक वाक्य दुपारी तीनला सांगितलं गेलं असतं तर? सांगायला काही लागत नव्हतं. रेडिओ होता, वाहिन्या होत्या, प्रत्येक स्टेशनात भोंगा होता. ते सांगायचं कुणी हे ठरलेलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडे तो अधिकार होता त्यांना सांताक्रूझला काय चाललंय हे कळलेलं नव्हतं. आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तेव्हाही होते. मला त्या आराखड्यांपेक्षा त्या दिवशी नोकरीवर असलेल्या एखाद्या ज्युनिअर हवामान निरीक्षकाचा फोन थेट आकाशवाणीत लागायची सोय हवी होती असं वाटतं.

संध्याकाळी ६:३०

रस्त्यावर माणसांच्या रांगा. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि पूर्वेला शीवपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत, कमरेइतक्या, कुठे छातीइतक्या पाण्यातून. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करत होती, कारण झाकण उघडं असलेलं मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही. काही ठिकाणी पोरांनी बांबू रोवले, दोर बांधले, लाल फडकी अडकवली. पुढे उभं राहून ती ओरडत होती, 'काका, डाव्या बाजूने, उजवीकडे खड्डा आहे.' ही पोरं बहुतेक करून त्याच झोपडपट्ट्यांतली होती ज्यांची घरं तेवढ्यात वाहून जात होती.

गाड्यांमध्ये बसलेल्यांचं वेगळंच झालं. पाणी चढलं, इंजिन बंद पडलं, विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपं अडकली. दाराबाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना. गाडी म्हणजे सुरक्षित जागा, पावसात काचा वर करून आत बसायचं, ही समजूत त्या संध्याकाळी काही माणसांच्या जिवावर उठली. त्या आठवड्यानंतर कितीतरी मुंबईकरांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली.

बेस्टच्या बस बंद पडल्या. दुमजली बसमधले लोक वरच्या मजल्यावर चढले आणि रात्रभर तिथेच राहिले. अनेक शाळांत मुलं वर्गातच झोपली. शिक्षक आणि शिपाईकाकांनी ती सांभाळली. आईबापांना सकाळपर्यंत पत्ता नव्हता.

आणि साकीनाका. डोंगराच्या उतारावर वसलेल्या वस्तीवर याच पावसात दरड आली आणि सत्तरहून अधिक माणसं गाडली गेली. एका जागी गेलेल्यांचा त्या दिवशीचा हा शहरातला सगळ्यांत मोठा आकडा. पाच वर्षांपूर्वी, २००० च्या जुलैत, घाटकोपरच्या आझादनगरला अशीच दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली होती. घाटकोपर, असल्फा, साकीनाका ही एकाच डोंगररांगेची उतरण. घाटकोपरनंतर उतारावरच्या वस्त्यांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना माहीत झालेला होता. सखल जमिनी विकल्या गेल्या, सपाट जमिनीचा भाव परवडेना, मग कष्टकरी माणूस एकतर नाल्याकाठी राहतो नाहीतर डोंगराच्या उतारावर. २६ जुलैने या दोन्ही ठिकाणी त्यालाच गाठलं.

रात्री ८:३०

अडीचपासून सहा तासांत सांताक्रूझला ६४८.५ मिलिमीटर झाले होते. उपनगरातली वीज गेली होती, ज्या भागांत मीटरच्या खोल्या आणि उपकेंद्रं बुडाली तिथे ती मुद्दाम बंद करावी लागली. दक्षिण मुंबईत दिवे चालू होते. त्यामुळे वाहिन्यांवर कुर्ल्याचं आणि कलिन्याचं पाणी दिसायला लागलं तेव्हा ते कुलाब्यात, दादरला, पुण्यात आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना दिसलं. कलिन्याच्या माणसाला दिसलं नाही. त्याच्याकडे फार तर सेलवर चालणारा रेडिओ. त्या रात्री एफएम रेडिओवरून लोकांचे निरोप वाचून दाखवले गेले.

घरं उघडली गेली. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत तळमजल्यावरची कुटुंबं आली, रस्त्यावरची अनोळखी माणसं आली. हमरस्त्याला लागून असलेल्या सोसायट्यांनी चहा, बिस्किटं, खिचडी वाटली. मशिदी, मंदिरं, गुरुद्वारे, चर्च रात्रभर उघडी होती. या सगळ्याचं पुढे 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून इतकं कौतुक झालं की त्याआड बाकीचं झाकलं गेलं. त्या माणसांचं मोल मी कमी करत नाही. त्यांनीच त्या रात्री शहर धरून ठेवलं. पण कुणाच्या तरी गॅलरीतून दोर सोडला गेला म्हणून माणूस वाचतो, तेव्हा तो दोर सोडायची वेळ कुणी आणली हेही त्याच दमात विचारायला हवं.

मध्यरात्र

दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी झाली, तरी पाणी उतरेना. पाऊस पडतच होता, आणि वाहून आलेला प्लास्टिकचा, भंगाराचा, लाकडांचा कचरा मोऱ्यांच्या तोंडाशी घट्ट बसला होता. गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरीच्या तबेल्यांत दाव्याला बांधलेल्या म्हशी बुडून मेल्या. शेकड्यांनी नव्हे, हजारोंनी जनावरं त्या रात्री गेली. दाव्याची गाठ सोडायलाही कुणाला पोचता आलं नाही. त्यांची कलेवरं उचलायला पुढे कित्येक दिवस लागले.

त्याच दोन दिवसांत खाली रायगडात, महाडजवळ जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले. मुंबईच्या पुराने पहिली पानं भरली आणि ही गावं आतल्या पानांत गेली, म्हणून त्यांची नावं इथे लिहितो.

बुधवार, २७ जुलै. सकाळी ८:३०

पर्जन्यमापकाचा दिवस संपला. सांताक्रूझ: ९४४.२ मिलिमीटर. कुलाबा: ७३.४.

मुंबईत सबंध जुलै महिन्यात साधारण जेवढा पाऊस होतो त्याहून जास्त, एका दिवसात, एकाच बेटाच्या एका भागावर. कुलाब्याचा आकडा पाहिला तर त्या दिवशी काही झालंच नाही असं वाटावं.

दोन दिवसांची सुट्टी जाहीर झाली. लोकल अठरा तासांहून जास्त बंद राहिल्या होत्या. सदतीस हजारांच्या आसपास रिक्षा आणि चार हजारांवर टॅक्सी पाण्यात गेल्या. म्हणजे तेवढ्या कुटुंबांचं हातावरचं पोट गेलं. दुपारी मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात ओएनजीसीच्या 'मुंबई हाय नॉर्थ' या तेल काढायच्या फलाटावर आग लागून बावीस माणसं दगावली. आधीच थकलेल्या यंत्रणेला खवळलेल्या समुद्रातून शेकडो लोक काढायचे होते.

गुरुवार, २८ जुलै. रात्र

पाणी उतरलं होतं. जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत कुणीतरी म्हणालं की धरण फुटलंय. कुणी म्हणालं त्सुनामी येतेय, कारण सात महिन्यांपूर्वीच्या डिसेंबरात सगळ्यांनी त्सुनामी टीव्हीवर पाहिली होती. अंधार, अरुंद बोळ, दोन रात्री न झोपलेली माणसं. सगळी एकदम पळाली. चेंगराचेंगरीत अठरा माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती.

मंगळवारी खरी बातमी तासन्‌तास पोचली नव्हती, म्हणून गुरुवारी खोटीवर विश्वास बसला. लोकांना घाबरट म्हणणं सोपं आहे. पण ज्यांना एकदा कुणीच काही सांगितलं नाही, त्यांनी दुसऱ्यांदा वाट का पाहावी?

ऑगस्ट आणि नंतर

मुंबईत पुराने आणि दरडींनी गेलेल्यांचा आकडा ४१९ धरला जातो. पुराच्या पाण्यातून आलेल्या लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांनी आणखी २१६. सबंध महाराष्ट्रात हजाराच्या वर.

ऑगस्टमध्ये मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. कागदोपत्री ती पुन्हा नदी झाली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने २००६ साली अहवाल दिला. त्यात मिठीबरोबर दहिसर, पोईसर, ओशिवरा यांचाही नीट विचार आहे. १९९३ च्या अहवालातली कामं उशिरा का होईना हाती आली, आणि इर्ल्यासारखी उदंचन केंद्रं भरतीच्या वेळी पाणी समुद्रात फेकण्यासाठी उभी राहिली. महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. ते पंधरा-पंधरा मिनिटांचा पाऊस कळवतात. पुढे कुलाब्याला डॉप्लर रडारही आलं. आज फोर्टातल्या कचेरीत बसलेल्या माणसाला निघण्यापूर्वी अंधेरीत किंवा मुलुंडला किती पडलाय ते फोनवर बघता येतं.

क्रांतीनगर अजून मिठीच्या काठालाच आहे. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, मिठीची पातळी धोक्याच्या खुणेकडे सरकली की महापालिकेची माणसं येतात आणि तिथल्या कुटुंबांना जवळच्या शाळेत हलवतात. पाणी उतरल्यावर ती परत येतात, घर धुतात आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच राहतात.